तपकिरीच्या पत्र्यावरची बाई

१९९७ साल. मला साठावं चालू होतं. हे वय शाळेच्या दाखल्यावरचं. माझी मोठी बहीण, आक्का, म्हणायची की दाखला खोटा आहे, तू दोन वर्षांनी मोठा आहेस. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून तिच्यापुढं दाखल्याचं काही चालत नसे. तसाही तो दाखला दुसरीचा. पुढं शाळा नाही.

खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा मिशी नुकती राठ झाली होती. दुकानांवरची गुजराती अक्षरं लांबून आपली वाटायची. जवळ जाऊन बघावं तर कुणीतरी त्यांच्या डोक्यावरची रेघ काढून घेतलेली. मला ती वाचता आली नाहीत आणि कुणाला विचारायची सवय मला नाही. मग मी शहर चित्रांवरून शिकलो. साबणाची बाई दिसली की डावीकडं. बिडीचा वाघ आला की सरळ. बाळाच्या टॉनिकचं गुटगुटीत पोर जिथं हसतं, त्याच्या मागं आमचं लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना. गावाकडून कुणी नवा माणूस आला की त्यालाही मी असाच रस्ता सांगायचो. एकाला म्हणालो, "साबणाची बाई जिकडं बघते तिकडं जा." नेमकं दुकानदारानं त्याच आठवड्यात नवी बाई लावली आणि तिचं तोंड निघालं उलट्या दिशेला. तो बिचारा भर दुपारी तापीच्या पुलावर पोचला. पुढं वर्षभर मला म्हणायचा, "तुमच्या बाईनं फसवलं." मी म्हणालो, "बाई बदलली हे तुला कळलं नाही, तर तुझे डोळे काय कामाचे?"

पण खरंच, त्या वेळची चित्रं नुसती रस्ता सांगायला नव्हती. मी त्यांच्यासमोर उभा राहायचो. पाळी सुटली की कानात मागाचा खडखडाट भरलेला असायचा, माणसांचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्या चित्रांसमोर ऐकावं लागत नसे. रंग चार-पाचच, पण ते एकमेकांशी भांडत नसत. चेहरे असे काढलेले, की घरात कुणी आजारी आहे का, असं विचारतील असं वाटायचं. माल खपवायलाच ती काढलेली होती, हे मला कळत होतं. तरी काढणाऱ्यानं वेळ दिला होता.

या सगळ्यांत एक पत्रा माझ्या घराजवळचा. गोडादऱ्यात राहायला आलो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडावर एक किराणा दुकान होतं. दुकानदार सुरतीच. त्याच्या वडलांचं दुकान आधी जुन्या शहरात होतं, तिथून येताना त्यांनी वजनकाट्याबरोबर हा पत्राही आणला होता. जाड लोखंडी पत्रा, वर चहाच्या कपासारखी झिलई. रुंदीला हातभर, उंचीला दोन हात. त्यावर एक बाई उभी. हिरवं लुगडं, तांबडा काठ. मागचं आभाळ पिकल्या आंब्याच्या सालीसारखं पिवळं. उजवा हात पुढं केलेला, तळव्यावर लहानशी डबी, घे म्हणते आहे जणू. डोळे असे बसवलेले, की तुम्ही दुकानाच्या या बाजूनं या का त्या, ती तुमच्याचकडं बघणार.

मी मागावरचा माणूस. मी आधी लुगडं बघितलं. खांद्यावरून पदर सुटतो तिथं तीन चुण्या होत्या. पहिली खोल, दुसरी उथळ, तिसरी विरत गेलेली. सुती कापड आपल्या वजनानं असंच बसतं. आम्ही सुरतेत जे विणायचो ते कापड असं बसत नाही, ते फुगतं आणि सरकतं. ज्यानं ही बाई काढली त्यानं सुताचं लुगडं हातात धरून बघितलं होतं, एवढं मी पैजेवर सांगेन. आणि तो हिरवा रंग! इतकी वर्षं मी रंगीत साड्यांच्या ढिगांत काढली, पण तो हिरवा पुन्हा कुठं बघितला नाही.

ती डबी मी कुंकवाची समजत होतो. दोन-चार वर्षांनी दुकानदाराला सहज म्हणालो, "कुंकवाची जाहिरात चांगली आहे तुमची." तो गल्ल्यावर पडायचा बाकी राहिला. "अरे काका, आ तो तपकीर छे! छींकणी!"

मी म्हणालो, "मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो."

आक्काची गोष्ट अशी. ती दर आखाजीला आमच्याकडं यायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात लेकीबाळी त्या सणाला माहेरी येतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. आईबाप गेले, गावची जमीन गेली, मग माझी गोडादऱ्याची दोन खणांची खोली हेच तिचं माहेर. पहाटेच्या भुसावळ गाडीनं ती उधन्याला उतरायची आणि पिशवी डोक्यावर घेऊन चालत यायची. पहिल्याच वर्षी तिला रस्ता सांगितला होता, हिरव्या लुगड्याची बाई दिसली की आत वळ. ती वळली, पण वळायच्या आधी त्या पत्र्यापाशी थांबली. पुढं केलेल्या त्या हाताला तिनं आपला हात लावला आणि कपाळाला टेकवला. मी दारातून बघत होतो.

घरात आल्यावर म्हणाली, "मायसारखी दिखस रे ती."

आमच्या आईचा फोटो नाही. कुणी काढणार? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. मला तिचा चेहरा आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की चुलीपाशी पाठ करून कुणीतरी बसलं आहे. आक्काला आठवतो. म्हणून आक्का जे म्हणते ते मला खोडताही यायचं नाही आणि मानताही यायचं नाही. मी म्हणायचो, "आक्का, ती तपकीर विकते." ती म्हणायची, "मग? आई काय दाताला तपकीर लावत नव्हती?"

असं दर वर्षी चालायचं, हसत-हसत. १९९६च्या आखाजीला मात्र बिघडलं. घागर मांडून झाली होती, बायको पुरणपोळ्या करत होती. आक्का म्हणाली, "दुकानदाराकडून तो पत्रा मागून आण. आजच्या दिवस घागरीमागं ठेवू. मायच्या नावानं घागर भरतो आणि तिथं तिचं काहीच नाही."

मी चिडलो. का चिडलो ते आज नीट सांगता येईल, तेव्हा आलं नसतं. तिला आई दिसत होती आणि मला दिसत नव्हती, हे माझं दुखणं. तोंडातून निघालं वेगळंच. मी म्हणालो, "दुकानापुढं उभी राहून माल विकणारी बाई माझ्या देवापाशी नको."

आक्का उठली. पोळी ताटात तशीच. पिशवी उचलली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि म्हणाली, "ठीक आहे. ती कोपऱ्यावर आहे तोवर मी येईन. ती गेली की माझं माहेर गेलं असं समज." बायकोनं हात धरला, पण आक्कानं सोडवून घेतला. आमच्या घरात शब्द टाकला की टाकला.

पुढं थंडी संपता संपता दुकानदार मला म्हणाला, "काका, कोल्ड्रिंकवाले नवं बोर्ड लावून देतात. हा जुना पत्रा उतरवणार. तमे लई जाओ ने, मफत." गिऱ्हाईक उभं होतं, आमच्याच गल्लीतला एक जण. तो हसून म्हणाला, "काका, घेऊन जा, काकूला सवत होईल." मला राग आला. मी म्हणालो, "भंगार घेऊन मी काय करू?" आणि निघून आलो. फुकट दिलेलं मी कधी घेतलेलं नाही, हेही त्यात होतंच.

दुसऱ्या दिवशी तिथं प्लॅस्टिकचा लाल बोर्ड आला. त्यावर एक पोरगी, तोंडापाशी बाटली, दात एवढे पांढरे की डोळे दुखावेत. ती कुणाकडंच बघत नव्हती. मी रोज तिच्यासमोरून जायचो आणि मान वळवायचो नाही.

आखाजीला आठ दिवस उरले आणि गावाहून कार्ड आलं. आक्कानं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मला वाचायला वेळ लागतो, पण कार्ड माझ्या नावाचं असलं की मीच वाचतो. त्यात दोनच ओळी होत्या. आखाजीला येत आहे. न्यायला येऊ नये.

मी कार्ड खिशात घातलं. बायकोनं विचारलं, "काय लिहिलंय?"

"येतेय."

"आणि कोपऱ्यावर काय दाखवणार? ती दात काढणारी?"

मी चपला घातल्या.

दुकानदार म्हणाला पत्रा भंगारवाल्याला दिला. भंगारवाला दोन दिवसांनी गल्लीत आला तेव्हा म्हणाला, भेस्तानला कारखान्याच्या फाटकापाशी एक चहाची लारी, म्हणजे हातगाडी आहे, त्यानं नेला. मी शटल रिक्षानं भेस्तानला गेलो. लारी सापडली. वारा अडवायला स्टोव्हच्या तिन्ही बाजूंनी पत्रे लावलेले, आणि मधल्या पत्र्यात ती. आतल्या बाजूला तोंड करून, म्हणजे आगीकडं. मान आणि हात वर दिसत होते, खालचं लुगडं ज्वाळेपुढं. झिलई तडकून काळी पडली होती. तीन चुण्यांतली एकच उरली होती.

चहावाला उत्तरेकडचा, चांगला धिप्पाड. मी पत्रा मागितला. तो म्हणाला, "चाचा, ये गई तो हमारा चूल्हा बुझेगा. दूसरा पतरा लाओ, ये ले जाओ."

दुसरा पत्रा मी कुठून आणणार? घरी आलो आणि माझी पत्र्याची पेटी पुढं ओढली. गाव सोडताना हीच पेटी डोक्यावर होती. झाकणाच्या बिजागऱ्या खोलायला बसलो. बायको बघत राहिली. म्हणाली, "आता कपडे काय हवेत ठेवू?"

"चादर टाक वर."

"वर्षापूर्वी ती बाई घरात नको होती. आता तिच्यापायी पेटी मोडतोय हा माणूस."

"तू पोळ्यांची डाळ निवडलीस का?"

"पाच दिवस आहेत अजून!" ती म्हणाली, पण स्क्रू सापडेना तेव्हा वाटी आणून दिली आणि निघालेले स्क्रू त्यात गोळा करत बसली.

झाकण घेऊन पुन्हा भेस्तान. चहावाल्यानं ते वाजवून बघितलं, मापात बसवलं, खूश झाला. मधला पत्रा काढून फडक्यानं धरून माझ्या हातात दिला. गरम होता. तो हसून म्हणाला, "चाचा, इतनी दूर से दो-दो चक्कर! कौन है ये? पुरानी जान-पहचान?"

लारीवर उभे असलेले दोघं-तिघं हसले. मी काहीतरी टोला द्यायला तोंड उघडलं. निघालं ते असं, "माँ है मेरी."

चहावाल्यानं फडक्याचं कोरडं टोक घेऊन बाईच्या तोंडावरची वाफ पुसली आणि मला अर्धा चहा दिला. मी तो घेतला. फुकट मिळालेला तेवढा एकच चहा मी आयुष्यात प्यायलो असेन.

आता पत्रा लावायचा कुठं? दुकानदाराला म्हणालो, एक दिवस, फक्त आखाजीच्या सकाळी, तुझ्या लाल बोर्डावर टांगू दे. तो कानाला हात लावून म्हणाला, "काका, कंपनीवाळा जोई जशे तो मारुं बोर्ड लई जशे." कंपनीच्या माणसाला दिसलं तर बोर्डच काढून नेईल, ही त्याची भीती. मी दुसऱ्यांदा मागत नसतो.

आखाजीच्या सकाळी मी पत्रा घेऊन कोपऱ्यावर गेलो आणि लाल बोर्डाच्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून, दोन्ही हातांनी पत्रा पुढं धरून उभा राहिलो. गाडी उशिरा आली तरी आठपर्यंत आक्का यायला हवी होती. आठ वाजले. नऊ वाजले. मे महिना, सुरतेचं ऊन. कामाला जाणारे आमचेच लोक बघत जायचे.

"काका, रोज काय मिळतो?"

"तपकिरीच्या दोन पुड्या द्या हो!"

"काका, बाई बरी आहे, पण धरणारा बदला!"

मागावर अर्धे कान गेलेला माणूस, ऐकू आलं नाही असं दाखवणं मला जमतं. दुकानदार आतून स्टूल घेऊन आला, मी बसलो नाही. त्यानं पाणी दिलं, ते प्यायलो. माझ्या मनात एकच घोळत होतं. ती आली असेल. लांबून लाल बोर्ड बघितला असेल आणि तशीच स्टेशनला परत फिरली असेल. आमच्या घरात शब्द टाकला की टाकला.

दहा वाजून गेले असतील. पाठीमागून, गल्लीच्या आतल्या बाजूनं, बायको आली. डोक्यावर पदर, हाताला पुरण. म्हणाली, "चला घरी. त्यांना येऊन दोन तास झाले."

"कुठून आली?"

"मागच्या तोंडानं. तुम्हाला शोधायला मी कुठं-कुठं जाऊ? मला वाटलं तुम्ही दळणाला गेलात."

मी पत्रा डोक्यावर घेतला आणि गेलो. आक्का उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. वर्षभरात बारीक झाली होती. मला बघून म्हणाली, "काय करी राहिना होता रे उन्हमा?"

"ऊन खात होतो."

"आणि डोक्यावर?"

मी पत्रा खाली उतरवून भिंतीला लावला. तिच्याकडं न बघता विचारलं, "मागून का आलीस? रस्ता विसरलीस?"

"मी रस्ता विसरेन?" आक्का पत्र्याकडं बघत होती. "आपल्या गावचा एक जण शिमग्याला आला होता, तो म्हणाला पत्रा काढला. खरं का खोटं, मी बघितलं नव्हतं. कोपऱ्यावरून आले असते आणि ती नसती, तर मला परत फिरावं लागलं असतं. तसं बोलून बसले होते ना. म्हणून रिक्षावाल्याला सांगितलं, मागून ने. बघितलंच नाही तर गेली कशावरून?"

बायको स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून म्हणाली, "भाऊ तसा भाऊ आणि बहीण तशी बहीण. एक पुढं उभा, एक मागून आली. मधे पुरण जळलं."

आक्का सरकत पत्र्यापाशी गेली. पुढं केलेल्या हाताला हात लावला, कपाळाला टेकवला. मग तिची बोटं खाली गेली, जळलेल्या लुगड्यावर. मला वाईट वाटलं. मी म्हणालो, "चहावाल्यानं स्टोव्हपुढं ठेवली होती. आधी आणली असती तर लुगडं वाचलं असतं. मला म्हणाला होता घेऊन जा. मी नाही म्हणालो."

हे मी कुणाला सांगेन असं मला वाटलं नव्हतं.

आक्का म्हणाली, "मायचं असंच व्हायचं. चुलीपुढं बसून बसून लुगड्याचा खालचा काठ काळा. धुतलं तरी जायचा नाही. आता जास्त तिच्यासारखी दिसते."

मग मीही बघितलं. चेहरा मला तेव्हाही आठवला नाही, खोटं कशाला सांगू. पण तो काळा काठ मी ओळखला. चुलीपाशी पाठ करून बसलेल्या त्या बाईचा तोच काठ माझ्या डोळ्यांच्या उंचीवर असायचा.

घागर मांडली. घागरीवर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज ठेवलं, त्याला कुंकू लावलं. आक्कानं पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचारलं नाही. मी पत्रा उचलून घागरीमागं ठेवला.

"देवापाशी चालेल का?" आता ती विचारायला लागली.

"तुला ठेवायची होती ना? ठेवली. आता बडबड करू नकोस, बारा वाजायला आले." भेस्तानला काय बोललो ते मी तिला सांगितलं नाही. पुढंही कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी आक्का तीन पोळ्या जेवली आणि वाटीभर आमरस वर. निघायचं चौथ्या दिवशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारापुढं स्टूल टाकलं, चार खिळे तोंडात धरले आणि पत्रा बाहेरच्या भिंतीला, गल्लीकडं तोंड करून लावायला घेतला. आक्का खाली उभी राहून सांगत होती, आणखी खाली घे, आणखी खाली. मी म्हणालो, "एवढ्या खाली कोण बघणार?" ती म्हणाली, "बघायला नको. माझा हात पोचू दे." मी स्टूल बाजूला सारलं आणि जमिनीवर उभा राहून खिळे ठोकले.